कार्डावर मी कांदिवलीतच होतो

थापा मी पुष्कळ मारल्या. आफ्रिकेत सिंहाला चपलेने हाकललं, हे मी निम्म्या कांदिवलीला पटवून दिलं होतं. उरलेली निम्मी कांदिवली ती चप्पल बघायला येऊन गेली. ही हकीकत मात्र खरी आहे. खरी आहे म्हणूनच ती सांगताना मला रंगत आणता येत नाही.

मॅट्रिकनंतर तीन वर्षं मी नैरोबीला मामाकडे होतो. तिथे असतानाच विलायतेतल्या एका विद्यापीठाने मला इंजिनीअरिंगला घेतलं. फीचा आकडा पाहून डोळे फिरले. आमची चाळ, मागची विहीर आणि विहिरीतली कासवं विकली असती तरी पहिली टर्म निघाली नसती. पण खाली बारीक अक्षरात नियम होता: आफ्रिकेतल्या इंग्रजी वसाहतीत ज्याचं सलग तीन वर्षं बिऱ्हाड आहे, त्याला निम्मी फी. निम्मी मामा भरणार होता. हवा होता फक्त एक दाखला, की या काळात माझं बिऱ्हाड कांदिवलीत नव्हतं. तो इथल्या सरकारी कचेरीचाच लागत होता. मुदत महिन्याची. बोटीने घरी येण्यातच अर्धा महिना गेला.

अंधेरीच्या कचेरीत आई नवं लुगडं नेसून बरोबर आली. कारकुनाने माझा पासपोर्ट पाहून मान डोलावली.

"रेशनकार्ड?"

आईने पिशवीतून काढून दिलं. त्याने नंबर रजिस्टरात उतरवला, मग कार्ड उघडलं, आणि त्याचा टाक थांबला.

"बाई, घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि हा."

"हा तर आफ्रिकेत होता ना?"

"होता तर! बघा ना, कसा सुकून आलाय."

"मग तीन वर्षं याचा तांदूळ, याची साखर कोणी उचलली?"

मी आईकडे वळलो. "आई, माझं नाव कमी नाही केलंस?"

"अरे, जिवंत माणसाचं नाव कापतात का? ह्यांचं एकदा कापून आणलंय या हातांनी. आता तुझं कापू?"

"आणि साखर?"

"तुलाच धाडली की रे! लाडू करून, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर."

तेही खरं होतं. मोंबासाला उतरेपर्यंत ते लाडू असे टणक व्हायचे की एकाने मामाच्या मोटारीची काच गेली होती. पण मी सगळे खाल्ले होते.

कारकून वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. त्याने आवाज खाली आणला.

"पासपोर्ट खरा धरला, तर बाईंवर खटला. कार्ड खरं धरलं, तर तुम्ही तीन वर्षं कांदिवलीत. दोन्ही कागद एका फायलीत नाही घालता येत. अर्ज मागे घ्या. मी काही पाहिलं नाही."

"होऊ दे खटला," आई म्हणाली. "मी जाते तुरुंगात. याची फी निम्मी होते ना? मग झालं." आणि तिने खरंच पदर खोचला, जसा काही तुरुंग शेजारच्या खोलीत होता.

मी अर्ज उचलला, घडी केली, खिशात घातला. कारकुनाने रजिस्टरातल्या नंबरावर रेघ ओढली.

विद्यापीठाचं उत्तर फार सभ्य होतं. दाखल्याशिवाय सवलत देता येत नाही, याचा त्यांना खेद वाटत होता. पूर्ण फी भरल्यास माझं स्वागत होतं. आईला मी ते मराठीत वाचून दाखवलं. सभ्यपणा तेवढा गाळला.

तिने पिशवीतून रेशनकार्ड काढलं. मग म्हणाली, "उद्या जाऊन नाव कापून येऊ का रे?"

"आता कशाला? आता मी इथेच आहे."

ती "बरं" म्हणाली, आणि पिशवी घेऊन दोघांचं धान्य आणायला गेली.