कोल्हा म्हणालो तिथंच चुकलं

आल्मेरेबाहेरच्या एका डच आजींनी मला ठेवून घेतलं, हे आधी लिहितो. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. शिकारीचा परवाना अजून चालू. करोनात मी स्वयंपाकी होतो ते हॉटेल बंद पडलं, वरची राहायची खोली गेली, तेव्हा त्यांनी मागची खोली उघडून दिली. म्हणाल्या, कोंबड्या बघ, जमेल तसा स्वयंपाक कर. नववीतच शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला परमुलखात इतकं कोण देतं?

आणि कोंबड्या जायला लागल्या. खुराड्याबाहेर पिसं दिसली की मी उरलेल्या मोजायचो. कोंबड्याच संपल्या तर मला कशाला ठेवतील?

कालव्याच्या बांधावर एकदा तांबूस, झुबकेदार शेपटीचं जनावर दिसलं. ते मी पुण्याच्या एका दादांना सांगितलं. दादांचं ऑफिस शहरात, स्लोटरडाइकला, पण त्या दिवसांत ते घरी बसून कंटाळलेले, सायकल काढून माझ्याकडे यायचे.

"दादा, कोल्हा आहे. आमच्याकडे एक ओरडला की सगळं शिवार ओरडतं."

"मग सोपंय. आपण ओरडायचं, तो उत्तर देईल, सापडला. तू नववी पास ना?"

"नापास."

"मग तू फक्त गप्प बस."

दादांनी फोनवर 'कोल्हा' शोधला आणि परदेशी शिकाऱ्यांच्या हाका उतरवून घेतल्या. आजी सामान आणायला गेल्या होत्या. गवतात पालथे पडून दादांनी स्पीकर लावला. काय ती कुई! कालव्यापलीकडचा कुत्रा भुंकला, बदकं उडाली, कोल्ह्यानं उत्तर दिलं नाही. मग दादांनी सशाची किंकाळी लावली. पहिले आले कावळे, कुठं काही मेलं की हजर. मग एक बाज सरळ स्पीकरवरच उतरला, पंख फडफडवत घाबरून पळाला. शेजारच्यांचं मांजर आलं, बसलं, अंग चाटत राहिलं. शिकारी म्हणे हे! कुणाचा जीव जातोय असं ऐकलं की फुकटचं गिळायला धावणारी जात. दादा मात्र कुजबुजत होते, "बघ, रिस्पॉन्स येतोय."

रिस्पॉन्स मागून आला. आम्ही तोंड करून पडलो होतो कालव्याकडे आणि खुराड्यात कोंबडी ओरडली. वळून बघेपर्यंत तांबडी शेपटी कुंपणाखालून गेलीसुद्धा. दादांनी फोन खिशात घातला. "अरे, मीटिंग आहे माझी," म्हणाले आणि सायकलवर बसले.

आजी आल्यावर मी माझ्या हॉटेलातल्या इंग्रजीत सगळं सांगितलं.  आजींनी फोनवर जॅकलचं चित्र दाखवलं.

"तुझा कोल्हा हा?"

"हो."

"आणि बांधावरचा?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते खोकड होतं, इंग्रजीतलं फॉक्स. शाळेच्या पुस्तकातसुद्धा दोघांना कोल्हाच म्हणत, म्हणून मीही म्हणालो. कोल्हा हाकेला हाक देतो. खोकड गप्प राहतं, हाक ऐकली की वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या बाजूनं वास घेत येतं. आजी म्हणाल्या, फोनवरून शिकारीची हाक द्यायला इथं बंदी आहे, आणि तसंही त्या मूर्खाला वारा कुठून येतो ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या हातात बंदूक घेऊन गवतात बसल्या, पाठ वाऱ्याकडे करून. ओठ मनगटाला लावून उंदरासारखा बारीक आवाज काढला, दोनदाच. खोकड आलं ते त्यांच्या समोरूनच, वास हुंगत. एकच गोळी. जवळ जाऊन पाहिलं तर शेपटीवाचून मांजराएवढंसं, भिजलेलं, बरगड्या दिसणारं. ह्याच्यासाठी मी झोप घालवली होती!

आजींना उठता येईना. गुडघा धरला होता. ऑपरेशन साथीमुळं पुढं ढकललेलं, हे मला तेव्हा कळलं. मी काखेत हात घालून उठवलं. घराकडे चालताना मनातलं विचारून टाकलं.

"आजी, कोंबड्या संपल्या असत्या तर?"

"तर तुझ्या हातचं वरण खाल्लं असतं," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांसाठी माणूस ठेवतं का कुणी?"

 त्यांचं ऑपरेशन होईल तेव्हा मी जगात कुठल्याही हॉटेलात असलो तरी चूल सोडून येईन, आणि त्या स्वतःच्या पायांनी बांधापर्यंत जाईपर्यंत त्यांचं उठणं-बसणं, खाणं-पिणं माझ्याकडे. तेवढं तरी एक दिवस फेडीन.