न विचारता कापलेली स्प्रिंग

जुन्या गाड्या सांभाळणारे इथे बरेच जण आहात, म्हणून आज दुपारचा प्रकार लिहिते.

बाबांची मोटारसायकल सत्तरच्या दशकातली आहे. पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळत होतं, म्हणून दापोड्यातल्या कापडाच्या गोदामांजवळच्या एका गॅरेजमध्ये दिली. ऑइल सील बदला आणि ऑइल भरा, एवढंच काम सांगितलं होतं.

आज गेले तेव्हा एक स्प्रिंग कापून झाली होती. दुसरी व्हाइसमध्ये आवळलेली होती आणि मेकॅनिकच्या हातात ग्राइंडर होता. मी आधी ग्राइंडरचा प्लग काढला, मग विचारलं.

"अगं बाय, इथं समद्यांची अशीच करतो. टाकीवर कापडाचे तागे लादले की गाडी पुढून बसते. स्प्रिंगची दोन वेटोळी कापून पाइपचा तुकडा टाकला की कडक."

"आमच्या गाडीवर तागे नसतात. मणक्याचं ऑपरेशन झालेले माझे वडील बसतात."

"तुला न्हाय कळायचं. बाबांना धाड, त्यांना समजावतो."

मी मेकॅनिकल शिकले आहे, हे सांगितलं नाही. अख्खी स्प्रिंग सोडवली आणि व्हर्नियरनं तारेची जाडी, व्यास आणि लांबी मोजून घेतली.

"सोनाराकडं न्यायचीय का?" म्हणून ते हसले.

ही स्प्रिंग आता बाजारात मिळत नाही. दुसरीही कापली असती तर नमुनाच उरला नसता. बाबा पुन्हा या गाडीवर कधीच बसू शकले नसते.

नमुन्यावरून स्प्रिंगची जोडी बनवणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का? असेल तर आधीच सांगून ठेवा, मापं घेऊन मुलगी येणार आहे आणि बोलायचं तिच्याशीच आहे.