अंगठ्याजोगतं मशीन

नाहूर स्टेशनच्या पश्चिमेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सर्वेश घाडीगावकर वाढला. तळमजला घेतला तो त्याच्यासाठीच. त्याआधी ते लोक भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहायचे, पण प्राथमिक शाळेत असतानाच सर्वेश पायऱ्यांवर पडायला लागला आणि मग सारखाच पडायला लागला. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, त्याला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि आईवडिलांना आत थांबवून घेतलं. स्नायू झिजण्याचा आजार होता. आधी पाय जातात, मग हात, मग छाती. आई, प्रेमा, बाहेर आली ती त्याच्याकडे न बघताच. त्या दिवसातलं एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

सातवीपर्यंत पाय गेले. वडील, बाळा घाडीगावकर, एका कंपनीची बस चालवायचे. ड्युटीवर जायच्या आधी ते सर्वेशला उचलून खुर्चीत बसवत आणि परत आले की उचलून पलंगावर ठेवत. फार बोलणारा माणूस नव्हता तो. शाळेतले वरचे वर्ग वरच्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नव्हती, म्हणून शाळा सुटली. दहावी त्याने बाहेरून दिली. धाकटी बहीण तेजल शाळेतून यायची, कॉलेजातून यायची, आणि सर्वेश तिथेच, खिडकीपाशी.

बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने एकदा येताना त्याला हातात मावणारा गेम कन्सोल आणला. पीएसपी. सर्वेश खूश झाला, पण खूश राहिला नाही. गेम बनवणाऱ्यांनी धडधाकट हात डोळ्यांसमोर ठेवून गेम बनवलेले. एकाच वेळी चार बटणं दाबा, वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबून धरा, झटक्यात वळा. सर्वेशची गाडी पहिल्याच वळणावर कठड्यावर आपटायची. काही महिन्यांनी मशीन कपाटात गेलं.

ते बाहेर निघालं मुकुलमुळे.

मुकुल प्रधान बोरिवलीचा. वयाने सर्वेशहून दोन वर्षांनी मोठा, आजार तोच. वडील, नंदकिशोर प्रधान, विमा कंपनीत अधिकारी होते, घरात पुस्तकं, मोटरची खुर्ची, सगळं होतं. दोघांची गाठ पडली ती तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. मुकुलच्या मांडीवर तसंच मशीन होतं आणि त्यावर सर्वेशने कधी न पाहिलेला एक ओबडधोबड खेळ चालू होता. सर्वेशने विचारलं, हा कुठला गेम. मुकुल म्हणाला, मीच लिहिलाय.

मग त्याने समजावून सांगितलं. कन्सोलला कंपनीने कुलूप घातलेलं असतं, त्यांनी मंजूर केलेल्याच गोष्टी त्यावर चालतात. पण काही मशिनांचं कुलूप जगभरातल्या हौशी लोकांनी उघडलंय. मग आपण घरी लिहिलेला प्रोग्रामही त्यावर चालतो. होमब्रू म्हणतात त्याला. आणि आपणच लिहायचं म्हटल्यावर बटण एकच लागेल असाही गेम लिहिता येतो.

"एकच बटण?" सर्वेशने विचारलं.

"एक. तेसुद्धा हळू दाबलं तरी चालेल. आपल्याला घाई कोणी केलीय?" मुकुल म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं फोनवर सुरू झालं ते थांबलंच नाही. बोरिवली ते नाहूर हे अंतर चालत्याफिरत्या माणसाला काहीच नाही, पण दोन खुर्च्या एकमेकींजवळ आणायच्या म्हणजे गाडी हवी, उचलायला माणसं हवीत. भेटी मोजक्याच झाल्या. सर्वेशच्या गावाकडे, मालवणजवळच्या खाडीत त्याने लहानपणी होडी पाहिली होती, आजोबांनी त्याला तिच्यात बसवलं होतं. त्याने मुकुलला ती खाडी वर्णन करून सांगितली आणि मुकुलने होडीचा खेळ लिहिला. होडी खाडीतून पलीकडे न्यायची, अंगठ्याखालची छोटी दांडी डावीकडे वा उजवीकडे कलवून. मधे खडक, मधे जाळी. बस. मुकुल लिहायचा, सर्वेश खेळून बघायचा आणि सांगायचा, की हे मला जमत नाही. सर्वेशला जे जमत नाही ते आणखी वर्षभरात मुकुललाही जमणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सर्वेशचे हात मुकुलपेक्षा आधी उतरणीला लागले होते.

हळूहळू त्यांच्यासारख्या मुलांचा एक ग्रुप झाला आणि लोक विचारू लागले, की होमब्रूसाठी सगळ्यात चांगला कन्सोल कोणता? नेटवर या प्रश्नाची उत्तरं ढिगाने पडलेली. पण ती सगळी वेगाची, स्क्रीनची, कुलूप किती लवकर उघडतं याची. दोघांचे निकष निराळे होते. मशीन मांडीवर ठेवलं तर मनगट किती वळतं? बटण कडक आहे का? आणि मुख्य म्हणजे अंगठा उचलावा लागतो का? मोबाइल म्हणूनच बाद होता, त्यात प्रत्येक वेळी बोट उचलून टेकवावं लागतं. कन्सोलच्या छोट्या दांडीवर अंगठा नुसता ठेवलेला असतो. रेलायचं तेवढं.

यावरून दोघांची भांडणंही झाली. सर्वेश जुन्या पीएसपीला चिकटून होता. हलकं आहे, कुलूप उघडणं सोपं, आणि त्याच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय. मुकुलला स्विच नावाचा नवा कन्सोल हवा होता. त्याचं म्हणणं असं, की स्विचचे दोन्ही बाजूचे हातखंड, म्हणजे दांडी आणि बटणं असलेले दोन तुकडे, सुटे होतात. एक डाव्या हाताखाली, एक उजव्या. हात छातीसमोर एकत्र आणायला नकोत.

"तुला अजून हात एकत्र आणता येतात म्हणून तू असं बोलतोस," मुकुल म्हणाला. तेव्हा सर्वेशला कळलं, की मुकुलला ते येईनासं झालंय. उतरणीवर त्याने सर्वेशला मागून येऊन गाठलं होतं आणि तो पुढेही गेला होता.

स्विचची अडचण अशी, की अगदी सुरुवातीच्या काळात बनलेल्या मशिनांवरच घरचा प्रोग्राम सहज बसतो. नंतर बनलेल्यांचं कुलूप त्यांना उघडणं शक्य नव्हतं. म्हणजे वापरलेलं, जुनं, आणि त्यातलंही नेमकं हवं. तेजल तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात लागली होती. सुट्टी झाली की ती तिथल्या गल्ल्यांतली दुकानं धुंडाळायची, मशीन उलटं करून, ते कधी बनलं हे सांगणारा खालचा नंबर फोनवर वाचून दाखवायची, आणि सर्वेश पलीकडून नाही म्हणायचा. दुकानदार वैतागायचे. एक म्हणाला, मॅडम, नंबरशी लग्न करायचंय का? शेवटी निलेश नावाच्या एका रिपेअरवाल्याने आपल्या घरातलं, मुलाने टाकून दिलेलं मशीन आणून दाखवलं. नंबर बरोबर निघाला.

मशीन नाहूरला आलं आणि त्याच आठवड्यात मुकुल हॉस्पिटलात गेला. साधा सर्दीखोकला. पण या आजारात छातीत खोकून कफ बाहेर काढण्याइतकी ताकद राहत नाही. फुप्फुसं भरली. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, श्वासाच्या मशीनवर ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी घरी सोडलं. बोलणं गेलं. नंदकिशोर काकांचा फोन आला, की मुकुल सारखं काहीतरी सुचवतोय, आम्हाला कळत नाही, होडी-होडी असं काहीतरी ओठांवरून वाटतं.

बाळा घाडीगावकरांनी ड्युटी बदलून घेतली, ओळखीच्या माणसाची व्हॅन मागितली आणि सर्वेश, तेजलला घेऊन ते बोरिवलीला गेले. सर्वेशने त्याआधीच लॅपटॉपवर खेळ नव्या मशीनसाठी बसवला होता. त्याला स्वतःला मुकुलएवढं लिहिता येत नव्हतं, पण मुकुलने लिहिलेलं वाचून दुरुस्त करण्याइतकं येऊ लागलं होतं.

मुकुल पलंगावर होता. तोंड बारीक झालेलं, डोळे तेच. तेजलने स्क्रीन त्याच्या समोर उभी केली, दोन हातखंड त्याच्या दोन हातांखाली सरकवले आणि त्याचे अंगठे दांड्यांवर ठेवून दिले. होडी खाडीच्या मधोमध उभी होती. सगळे बघत राहिले. मुकुलच्या उजव्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं, म्हणजे तो जोर लावत होता. होडी हलली नाही. डावा अंगठा. तरी नाही.

कुंदाकाकू, मुकुलची आई, दाराशी उभ्या होत्या त्या आत स्वयंपाकघरात गेल्या.

सर्वेश म्हणाला, थांबा. प्रोग्राममध्ये दांडी किती कलली की होडीने वळायचं, ते ठरवलेलं असतं. तो आकडा त्याने लॅपटॉपवर खाली आणला. खेळ पुन्हा लावला. काही नाही. आणखी खाली आणला. आणखी. शेवटी जवळजवळ शून्यावर आणला आणि होडी हलली. डावीकडे गेली, खडकाच्या कडेने निघाली.

नंदकिशोर काकांचा आवाज फुटला. "गेली बघ. मुकुल, गेली रे!" त्यांनी हाक मारून कुंदाकाकूंना बोलावलं. त्या आल्या, आणि होडी पुढे पुढे जात असलेली बघून पदराने डोळे पुसू लागल्या.

सर्वेश मात्र मुकुलच्या हाताकडे बघत होता. डावा अंगठा दांडीवरून केव्हाच घसरून चादरीवर पडला होता. वापरलेली जुनी दांडी आपली आपण किंचित थरथरते, आणि आकडा एवढा खाली आणल्यावर तेवढ्या थरथरीनेही होडी चालते. होडी मुकुल चालवत नव्हता. कोणीच चालवत नव्हतं. त्याने वर पाहिलं, तर मुकुल त्याच्याकडेच बघत होता. त्यालाही कळलं होतं. खेळ त्यानेच लिहिलेला, त्याला कसं कळणार नाही? मुकुलने डोळे एकदा मिटून उघडले आणि आईबापाकडे वळवले. सर्वेशने त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला. त्याने आकडा होता तिथेच ठेवला. होडी एका जाळ्यात अडकली तेव्हा काका म्हणाले, दमला असेल, राहू दे आज.

परतताना व्हॅनमध्ये तेजल म्हणाली, की बरं झालं आणलं ते मशीन. सर्वेश हो म्हणाला.

मशीन बोरिवलीलाच ठेवलं. तीनेक आठवड्यांनी मुकुल गेला. नंदकिशोर काकांनी स्वतः येऊन मशीन सर्वेशला परत दिलं. चहा घेताना ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की शेवटपर्यंत रोज खेळत होता, होडी रोज पुढे पुढे जायची. एकदा तर पैलतीरालाही लागली. आईने सर्वेशकडे पाहिलं. सर्वेश म्हणाला, "काका, त्याचा हात चांगला होता पहिल्यापासून." काकांनी मान हलवली आणि कप खाली ठेवला.

पुढचं वर्ष सर्वेशला वाईट गेलं. श्वासाचा मुखवटा आधी झोपताना लागायचा, तो दुपारीही लागू लागला. ग्रुपवर तो लिहायचा, बोलून टाइप करायचा, मधे मधे दम लागायचा. दिंडोशीच्या एका बाईंनी, निधी नाव त्यांचं, विचारलं, की माझ्या मुलाला आत्ताच निदान झालंय, अजून चालतो, होमब्रूसाठी कुठला कन्सोल घेऊन ठेवू? सर्वेशने दोन दिवस विचार केला आणि खरं ते लिहिलं. आत्ता काहीच घेऊ नका. आत्ता त्याला खाली पळू द्या, पडला तरी. घ्यायची वेळ आली की सुट्या हातखंडांचं घ्या, कारण आधी दंड जातात, मग मनगट, अंगठा सगळ्यात शेवटी. बाईंचं उत्तर आलं, "आमच्या मुलाला तुमच्याइतकं नाहीये." आणि त्या ग्रुप सोडून गेल्या. सर्वेशने ते उत्तर खूप वेळा वाचलं. त्याला राग आला नाही. आपल्या आईनेही तेव्हा डॉक्टरांना असंच काहीतरी म्हटलं असेल, असं त्याला वाटलं.

गणपती झाले आणि सर्वेशचा उजवा अंगठा थांबला. डावा दिवाळीपर्यंत चालला. शेवटी शेवटी सर्वेश आकडा कमी करायचा, तो एका ठरावीक जागेपर्यंतच. होडी आपली आपण चालू लागेल इतका खाली त्याने तो कधी आणला नाही. ज्या दिवशी अंगठा त्या जागेवर पुरेना, त्या दिवशी त्याने तेजलला मशीन बंद करायला सांगितलं. मशीन टेबलावर पडून राहिलं. प्रेमा त्यावरची धूळ पुसायची आणि होतं तिथेच ठेवायची.

एका रविवारी बाळा घाडीगावकर पलंगाशी खुर्ची ओढून बसले. आयुष्यात त्यांनी कधी त्या मशीनला हात लावला नव्हता. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "खंय दाबूचा ता सांग."

मुखवट्यातून सर्वेशचा आवाज बारीक यायचा. त्याने सांगितलं. बस चालवून चालवून राकट झालेला अंगठा दांडीवर पडला आणि होडी सरळ खडकावर गेली.

"जोर नको, बाबा. नुसतं रेला."

पुन्हा लावलं. पुन्हा खडक. सर्वेश चिडला, आणि चिडल्यावर त्याला धाप लागली. वडील मशीन मांडीवर ठेवून, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबले. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सर्वेशने डोळ्यांनीच डावीकडे दाखवलं. त्यांनी अंगठा डावीकडे टेकवला.