खिशातले हात

रॅप म्हणजे काय, हे आईला समजावून सांगायचा अमरेशने वर्षभर प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. "गानं म्हनतोस का भांडतोस?" एवढाच अक्कम्माचा प्रश्न असे, आणि खरं सांगायचं तर तो काही वावगा नव्हता. बाळीवेशीतल्या त्या दोन खोल्यांत पहाटेपासून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या जायच्या. दुपारपर्यंत त्या वाळून कडक झाल्या की कागदात बांधून दुकानांवर जायच्या. अमरेशने त्यावरूनच आपलं नाव ठेवलं, 'कडक'. सोलापुरातले निम्मे रॅपर स्वतःला किंग म्हणवतात आणि उरलेले डॉन. त्या मानाने याने भाकरीवर भागवलं, म्हणजे पोरगं तसं समजूतदारच म्हणायचं.

पण गोष्ट एकट्या अमरेशची नाही. धुळ्याशिवाय ती सुरूच होत नाही.

धुळा माढा तालुक्यातला. वडील सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाल, म्हणून अकरावीला इकडे आला आणि अमरेशच्या शेजारी बसला. पोरगं गप्प. का गप्प, ते हजेरीच्या वेळी कळलं. सरांनी नाव विचारलं आणि याच्या तोंडून "ध... ध..." याच्यापुढे काही येईना. वर्ग हसला. सरही हसले, हे जास्त वाईट.

त्याच आठवड्यात अमरेश त्याला जेवायला घरी घेऊन आला. अक्कम्मा भाकरी थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "नाव काय रे बाळा?" धुळ्याचं पुन्हा "ध... ध..." सुरू झालं, कानशिलं लाल झाली. अक्कम्माचा हात चालूच होता, थप, थप, थप. आणि चौथ्या थापेला अगदी बरोबर त्या थापेवर धुळ्या बोलला, "धुळा!" गाव विचारलं, तेही थापेवर आलं. वडील काय करतात, तेही आलं. दोन भाकऱ्या होईपर्यंत या पोराने आपली सगळी कुंडली सांगून टाकली, एकदाही न अडखळता. अक्कम्मा अमरेशकडे वळून म्हणाली, "ह्याला ठेका लागतोय की रे. नुसतं बोलाय बोलवू नगंस."

त्या दिवसापासून ती दोघांची रीतच पडली. टपरीवर, बसमध्ये, कॉलेजच्या खिडकीपाशी, कुठंही धुळ्या अडकला की अमरेशची बोटं टेबलावर नाहीतर स्वतःच्या मांडीवर ठेका धरत. धुळ्या त्या बोटांकडे बघायचा आणि शब्द सुटायचे. आजूबाजूच्यांना वाटायचं, अमरेशला चाळा आहे. दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही.

मग मोबाईलवर कुणाचं तरी रॅप ऐकलं आणि धुळ्याच्या डोळ्यांत वेगळंच काही आलं. ठेक्यावर बोलण्याचीही कला असते, लोक त्याला टाळ्या वाजवतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! दोघं लिहू लागले. लिहायचा जास्त धुळ्याच. म्हणायचे दोघं मिळून. रेकॉर्डिंग अक्कम्माच्या खोलीत, डोक्यावरून दोन जाड चादरी घेऊन, म्हणजे आवाज घुमत नाही. उन्हाळ्यात त्या चादरींखाली जीव जायची पाळी यायची. दर रविवारी संध्याकाळी हुतात्मा बागेत पोरं गोल करून उभी राहायची, त्याला ते सायफर म्हणत. एक जण तोंडाने बीट वाजवायचा आणि बाकीचे पाळीपाळीने म्हणायचे. तिथे धुळ्याने पहिल्यांदा म्हटलं:

"हजेरीला नाव माजं घशात अडकलं,
आज तेच नाव तुमच्या दारात येऊन धडकलं!"

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. अमरेशनेही घेतलं, आणि तो मनापासून खूश झाला. फक्त घरी जाताना त्याला जाणवलं, की आपल्या ओळीला आज कुणी ओरडलं नाही. असलं काही एकदा मनात आलं की ते जात नाही, कोपऱ्यात बसून राहतं.

तीन वर्षांनी नव्या पेठेत मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या दिग्विजयने मोठी बॅटल भरवली, म्हणजे ओळींनी एकमेकांना हरवायची स्पर्धा. पुण्याची एक कंपनी सोलापुरातून एकच रॅपर घेणार होती. गाणं काढणार, व्हिडिओ करणार. जागा विजापूर रोडवरचं मंगल कार्यालय. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या भिंतीला सरकवून ठेवल्या होत्या आणि मधोमध पोरं एकमेकांची धुलाई करत होती. चिठ्ठ्या निघत गेल्या आणि शेवटी उरले दोघं, कडक आणि धुळा.

"कुनीबी जिंकू दे, गानं दोघांचं," अमरेश म्हणाला. आणि त्या क्षणी तो खरंच बोलत होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पहिली फेरी धुळ्याने मारली. दुसरी बरोबरीत सुटली, पण टाळ्या कुणाकडे जास्त होत्या हे आंधळ्यालाही कळलं असतं. शेवटच्या फेरीला दुप्पट गुण होते आणि तिच्याआधी नाणं उडवायची पद्धत होती. नाणं जिंकेल त्याने ठरवायचं, फेरी बीटवर की बिनबीटची. बिनबीटच्या फेरीत मागे काही वाजत नाही, नुसते शब्द, प्रत्येकाला एक मिनिट. नाणं अमरेशने जिंकलं.

"बोल कडक, बीट का बिनबीट?" दिग्विजयने माईक पुढे केला.

अमरेशने धुळ्याकडे बघितलं नाही. पुण्याहून आलेला माणूस पहिल्या रांगेत बसला होता, त्याच्याकडे बघितलं. आणि म्हणाला, "बिनबीट."

आपलं मिनिट त्याने बरं मारलं. मग धुळ्याची पाळी आली. बीट थांबलेली, हॉलमध्ये चारशे पोरं. धुळ्याने तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, शब्द आला नाही. आधी लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय. मग कुणीतरी मागून फिसकन हसलं. धुळ्याने मान वळवली आणि अमरेशच्या उजव्या हाताकडे बघितलं. इतक्या वर्षांची सवय. मांडीवर दोन बोटं आपटायची, बस. कुणाला दिसलंही नसतं.

अमरेशने दोन्ही हात खिशात घातले.

मिनिट संपलं. हॉल हसून हसून फुटला. धुळ्या माईक खाली ठेवून, तो पडू नये म्हणून नीट ठेवून, लाल खुर्च्यांच्या मागून बाहेर गेला.

व्हिडिओ सकाळपर्यंत गावभर झाला. कुणीतरी त्या गप्प मिनिटाला बोकडाचं बें-बें ओरडणं जोडलं होतं. अक्कम्माला तो शेजारच्या पोरीने दाखवला. एरवी हातात पीठ असताना ती फोनकडे ढुंकूनही बघत नसे. त्या दिवशी हात धुऊन तिने तो दोनदा बघितला. अमरेश उठल्यावर तिने कन्नडमध्येच विचारलं, "याको हिंग माडिदी?" असं का केलंस, बाबा. रागाच्या वेळी ती मराठी बोलत असे. कन्नड आली म्हणजे तिला लागलं होतं.

"अव्वा, म्या त्याला एक वाकडा शब्द बोललो न्हाय. नियमातच हाय ते. रिंगनातलं रिंगनात."

"शब्द बोलला न्हाईस, खरं हाय," अक्कम्मा म्हणाली. "त्याला ह्या परातीत आवाज गावला हुता. तू तेवडा काढून घेतलास. लई शहाना की रे तू." आणि तिने पीठ ओढलं.

अमरेश पुण्याला गेला. तिथला स्टुडिओ गारेगार, भिंतींना मऊ फोम, चादरी घ्यायची गरज नाही. कंपनीच्या माणसाने त्याला सांगितलं, तू त्या पोराला जसं गप्प केलंस तसलंच काहीतरी लिही, तेच चालतं. अमरेश आठ दिवस लिहीत बसला. रोज वही उघडायचा आणि पहिली ओळ झाली की बाजूला बघायचा, ही जमली का म्हणून विचारायला. बाजूला फोम. शेवटी कसंबसं एक गाणं झालं. ते आलं आणि गेलं. खाली लोकांनी लिहिलेलं तो एकेक करून वाचत असे. त्यातलं एक त्याला पाठच झालं, 'तो गप्प झालेला पोरगा याच्यापेक्षा भारी लिहायचा. कुठंय तो?'

कुठंय, हे अमरेशला ठाऊक होतं. धुळ्याने कॉलेज सोडलं होतं, फोनचा नंबर बदलला होता, आणि वडिलांबरोबर यार्डात कांद्याच्या आडतीवर लागला होता. तिथे फार बोलावं लागत नाही. सोलापुरात परतल्यावर अमरेश दोनदा यार्डाच्या फाटकापर्यंत जाऊन माघारी आला. तिसऱ्यांदा अक्कम्माने त्याच्या हातात कागदात बांधलेल्या दहा भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी दिली. "रिकाम्या हातानं जायाला भ्या वाटतंय न्हवं? हे घे," ती म्हणाली. आयांना सगळं कळतं, आणि कळून त्या असं वागतात, याचाच माणसाला जास्त त्रास होतो.

अकरा वाजले होते. लिलाव उरकत आले होते, कांद्याच्या टरफलांचा धुरळा उडत होता. धुळ्या एका शेडखाली बसून दाभणाने गोण्यांची तोंडं शिवत होता. शेजारी त्याचे वडील आणि आणखी तीन हमाल चहा पीत होते. अमरेशला बघून वडील हसले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "ये की रं, लई दिसानं," ते म्हणाले. ते हसणं अमरेशला सोसवलं नाही.

तो धुळ्यासमोर उकिडवा बसला. येताना त्याने सगळं पाठ केलं होतं. त्यातलं एकच तोंडातून निघालं. "चुकलं माझं, धुळ्या. लई चुकलं. तू माघारी ये. लिव माझ्यासंगं. तुझ्याबिगर मला न्हाय जमत."

धुळ्याने दाभण थांबवलं. तोंड उघडलं. "त... त..." शीर फुगली.

अमरेशचा हात आपोआप उठला. शेजारी उलटं ठेवलेलं पत्र्याचं घमेलं होतं, त्यावर बोटं पडली. टक, टक, टक. जुना ठेका, जुन्या गतीत. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, की निदान एवढं तरी आपल्याला अजून करता येतं.

धुळ्याने आपला मातीने भरलेला पंजा त्याच्या बोटांवर ठेवला आणि ठेका बंद केला. पंजा काढला नाही. आणि बोलायला लागला. प्रत्येक शब्द दगडासारखा वर यायचा, अडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हमालांपैकी कुणी हसलं नाही, कुणी वाक्य पुरं करून दिलं नाही. वडील चहा पीत राहिले. इथे सगळ्यांना थांबायची सवय होती. अमरेशलाही थांबावं लागलं, आणि शब्दाशब्दाला त्याला वाटत होतं, आता बस, आता नको.

"त... त्या... दिशी... म्या... त... तुज्या... हा... हाताकडं... ब... बगत... हुतो."

मग धुळ्याने पंजा उचलला, भाकऱ्यांचा पुडा ओढून वडिलांकडे दिला, आणि दाभणात सुतळी ओवली. मान खाली घालून, अगदी सहज, कुठेही न अडता म्हणाला, "तू जा."

घरी अक्कम्मा वाटच बघत होती. हात परातीत, पण थाप नव्हती.

"बोलला का रे?"

"बोलला."

"तू ठेका धरलास?"

"धरू दिला न्हाय. बिनठेक्याचा बोलला, अव्वा. एक वाक्य तर अजिबात अडला न्हाय."

अक्कम्माचा चेहरा उजळला. ओल्या हातानेच तिने पदर डोळ्यांना लावला. "माजं लेकरू ते! मंग तू का रडाय लागलास? काय म्हनला?"

अमरेश उंबऱ्यात बसला आणि त्याने तिला ते वाक्य सांगितलं.