खिडकीतून चालवलेला सिनेमा

"अरे, सगळ्यांची मुंडकी कापली जाताहेत! कोणतं चाक फिरवू? बोल ना लवकर!"

जावईबुवा आतून ओरडत होते. मी बाहेर ओट्यावर, खिडकीच्या गजांना नाक लावून. "साहेब, खालचं. उजवीकडं. हळू." त्यांनी वरचं फिरवलं, डावीकडं, जोरात. पडद्यावरचा फौजदार मधोमध फाटला आणि त्याची टोपी त्याच्याच पोटाशी आली.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची दुपार. नशिराबादच्या पलीकडचं एक गाव. मी तेव्हा जळगावात एका व्हिडिओच्या दुकानात कामाला होतो. टीव्ही, व्हीसीआर, कॅसेट रिक्षात घालायची, बोलावतील त्या गावाला जायचं, सिनेमा दाखवायचा. माझा हात असा, की पाऊस पडल्यासारखी दिसणारी कॅसेट माझ्या बोटाखाली पापडासारखी खडखडीत वाळायची. थापा मारण्यातही मी जिल्ह्यात पहिला. केळीच्या एका बागायतदाराला पटवलं होतं, की हिरॉइन रडली की मशीनखालून पाणी येतं, फडकं ठेवा. त्यानं ठेवलं.

पण या दारात घरमालक नानांनी आडनाव विचारलं. तिथं थाप सुचायला हवी होती. मी खरं सांगून बसलो.

"मशीन आत येऊ दे," नाना म्हणाले. "तू ओट्यावर बस."

नानांची म्हातारी आई गोड आवाजात म्हणाली, "घरमा आज पितरंसनी घागर मांडेल शे, भाऊ. तू तठेच ऱ्हाय."

रिक्षावाल्यानं मशीन आत नेलं. रोज मीच पुसायचो ते. कॅसेटही माझ्याच हातची. ती आत चालली. मी चाललो नाही. खिडकीतून सांगत राहिलो आणि जावईबुवा चाकं पिळत राहिले.

सिनेमा जुना, काळा-पांढरा. माणसांपेक्षा सावल्या मोठ्या. जावईबुवांनी खास मागवलेला. ते धुळ्याला कचेरीत साहेब. "हा सिनेमा नाही, समाजाचा आरसा आहे," असं त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. शेठचा खून होतो. करतो सख्खा भाऊ. धरतात गोदामाच्या चौकीदाराला. का? तर तो घाणेरड्या गल्लीत राहतो. मी तो पन्नासदा पाहिलेला. खिडकीतून पहिल्यांदाच.

मला अर्धा पडदा दिसायचा आणि अर्धं घर. कोठडीत चौकीदाराला मारायला लागले तशा माहेरी आलेल्या लेकी पदरानं डोळे टिपू लागल्या. जावईबुवांनी चष्मा काढून पुसला. नाना म्हणाले, "गरिबाले कोनी नही, भो."

ऊन असं, की ओट्यावर भाकरी टाकली तर फुगावी. मी पाणी मागितलं.

"थांब रे, एवढा सीन होऊ दे," आतून कुणीतरी म्हणालं.

फौजदारानं कबुलीचा कागद पुढं सरकवला. चौकीदाराचा अंगठा शाईत बुडाला. आणि खर्रर्र. मशीननं टेप गिळली. पडदा कोरा.

"आता काय करू?"

"आता तुम्ही काही करू नका, साहेब. मला आत यावं लागेल."

नानांनी आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. सिनेमा अडला होता ना.

मी आत गेलो. झाकण खोललं. टेप आतड्यासारखी गुंतलेली. ती सोडवतोय तोच पाठीवर गार थेंब पडले. म्हातारी तांब्या घेऊन उभी. गोमूत्र. आधी माझ्यावर. मग मी चाललो त्या फरशीवर. मग जिथं माझा हात होता तिथं.

"माय, थांबा! झाकण उघडं शे!"

तांब्यातली धार उघड्या मशीनवर पडली. फट्! धूर. घरभर जळक्या शेणासारखा वास.

"काय करून ठेवलंस हे?" जावईबुवा माझ्यावरच ओरडले.

त्यांनी वहीचं पान फाडलं. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'मशीन माझ्या हातून जळाले.' दुकानात दाखवायला. कागद आणि पेन जमिनीवर ठेवून माझ्याकडं सरकवलं.

"सही कर. की अंगठाच देतोस?"

त्यांच्या पापण्या अजून ओल्या होत्या. चौकीदारासाठी.

जन्मभर खोटं बोललो मी, पण माझ्या मौजेखातर. हे खोटं ते माझ्याकडून हक्कानं मागत होते. जसं ओट्यावर बसणं मागितलं, तसंच. आणि तिथं मी बसलोही होतो. तेच जास्त जळत होतं.

मी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'मी हात लावला म्हणून मशीनवर गोमूत्र टाकले. त्याने जळाले.' सही केली. पूर्ण आडनावासकट. अक्षरं नांगराच्या तासाएवढी. घडी करून कागद माझ्याच खिशात घातला.

"माजला का रे?" नाना उठले.

"कागद दुकानात दाखवतो, नाना. म्हणाल तर पारावरही वाचतो."

नाना बसले.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. जाऊ दे. पण त्यानंतर मी कुणाच्या खिडकीतून मशीन चालवलं नाही. जिथं मी आत नाही, तिथं माझा हातही नाही.

जळकं मशीन उचललं आणि पितरांच्या घागरीसमोरून, उंबऱ्यावर पाय देऊन बाहेर पडलो. मागून म्हातारीची हाक आली. तिला राहवेना.

"भाऊ, त्या चौकीदारनं पुढे काय व्हयनं रे?"

"आंगठा दिधा त्यानी, माय. फाशी गया."