भरतीचा प्रोग्राम

मुलांनो, नागावच्या घरातल्या वरच्या खोलीचा भाडेकरू काल खोली सोडून गेला. त्याच्यावरचा राग ताजा आहे तोवरच लिहिते.

शेजारच्या होडीवाल्या नाखवांसाठी तो भरतीचं पाणी सांगणारा प्रोग्राम करत होता. खाडीच्या तोंडाशी वाळू साचली आहे. पाण्याचा अंदाज चुकला की होडी रुतते. भरतीचा हिशेब करणारी लायब्ररी, म्हणजे सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतला तयार कोड, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली होती. तिला काही विचारलं की याचा प्रोग्राम क्रॅश व्हायचा. मग हा वाय-फायला दोष द्यायचा, नाहीतर माझ्या मिक्सरला.

एकदा त्याने प्रोग्राममध्ये मध्येच आकडे पडद्यावर छापणारी एक ओळ घातली आणि क्रॅश थांबला. नाखवा खूश झाले. याने ती ओळ लगेच काढली आणि प्रोग्राम पुन्हा पडला.

"चालत व्हतं ना? मंग हात कशाला लावलास?" नाखवा म्हणाले.

"का चालत होतं तेच कळलं नव्हतं, नाखवा. उद्या भलताच आकडा आला तर होडी तुमची रुतेल."

"मंग तवर काय पाण्याला फोन लावू?"

मीही जेवायला हाका मारून वैतागले. शेवटी चूक सापडली. लायब्ररी वेळ आणि उंची असं सगळं एकत्र, स्ट्रक्चर म्हणून परत करत होती. याने मात्र एकच आकडा येईल असं लिहिलं होतं. मेमरीत त्या सगळ्यासाठी जागाच न ठेवल्यामुळे आलेलं सगळं भलतीकडे लिहिलं जाई; ती आकडे छापणारी ओळ मध्ये असली की ते निव्वळ योगायोगाने बिनकामाच्या जागी पडे. चूक त्याचीच, पण मिक्सरला बोल लावल्याबद्दल माफीचा एक शब्द नाही.

प्रोग्राम चालतो आहे. आज सकाळीही नाखवा त्यावर पाणी बघूनच होडी आत घेऊन आले.