जातीचा रकाना

साळवे मॅडम गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं केला. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला फेस. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. कधी, कसं, सगळं मी रीतसर विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते लपवून हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. मनात आलं, चला, आता सांगावं लागणार नाही. चक्क हायसं वाटलं मला... मग आरशात तो अर्धा गाल दिसला आणि माझी मलाच किळस आली.

नाशिक रोडच्या ज्या शाळेत मॅडमनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तिथंच मी क्लार्क होतो. आमच्याकडे शाळेच्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. त्यात मोठेपणा काही नसतो, पण जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की तो आपोआप अंगात येतो. प्रज्ञाचा पाचवीचा प्रवेश घ्यायला मॅडम इतर पालकांसारख्या रांगेतून आल्या. मी रजिस्टरात नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि ठाऊक असूनही सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "जात?" त्यांनी तेवढ्याच खणखणीत आवाजात सांगितली. वर म्हणाल्या, "भाऊसाहेब, रकाना आहे म्हणून सांगितली. ओरडून विचारा असं काही त्यात छापलेलं नाही." रांगेत कुणीतरी हसलं. त्या हसण्याचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला. मॅडमनी मात्र काही धरून ठेवलं नाही. माझ्या मुलाचं दहावीचं विज्ञान त्यांनीच रोज संध्याकाळी घरी बसवून करून घेतलं. पुढे आम्ही एकाच सोसायटीत राहायला आलो, दोघंही निवृत्त झालो, आणि लोक आम्हाला मित्र म्हणू लागले. मीही म्हणू लागलो.

त्यांचे यजमान अंबडला कंपनीत होते. एकदा कंपनीच्या गेटबाहेर भिजत पडलेलं एक तपकिरी पिल्लू ते स्कूटरच्या पुढे ठेवून घरी घेऊन आले. डोकं रुंद, नाक बसकं, म्हणून नाव पडलं ढब्बू. यजमान गेल्यावर मॅडमना त्याचीच सोबत होती. तो कुणाला चावला नाही. लिफ्टला मात्र भयंकर घाबरायचा, म्हणून गुडघे दुखत असूनही मॅडम चार मजले जिन्यानं उतरायच्या. मग पिटबुलसारख्या काही जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणावी असं ते सरकारी पत्रक आलं. पुढे कोर्टात त्याचं बरंच काय काय झालं, पण आमच्या सोसायटीला तेवढा दम कुठला! चेअरमन म्हणाले, सगळ्या कुत्र्यांची यादी करून महापालिकेच्या कार्यालयात देऊन टाकू. मी सेक्रेटरी. यादी मी केली.

नाव, फ्लॅट नंबर, लस... आणि जात. जोशींच्या कुत्र्याची जात विचारायला मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेऊन आलो. ढब्बूच्या वेळी मात्र मी मॅडमचा जिना चढलो नाही. चेअरमनच्या मिसेस म्हणाल्या, "त्याचं तोंड बघा ना, पिटबुलच वाटतो." मी लिहून टाकलं, पिटबुल. घाई होती वगैरे कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं एवढंच, की त्या घराचं काय ते विचारायची गरज नसते, आपल्याला ठाऊकच असतं, ही माझी जुनी सवय होती.

आठ दिवसांत कुत्रं हलवा, अशी नोटीस निघाली. मॅडमनी ढब्बूला दिंडोरीला एका जुन्या विद्यार्थ्याच्या द्राक्षबागेत ठेवलं. दर रविवारी एसटीनं जायच्या. तो विद्यार्थी फोनवर सांगायचा, "मॅडम, तो काही खातच नाय. गेटाकडं तोंड करून बसून ऱ्हातो." दीड महिन्यात ढब्बू गेला. मी भेटायला गेलो, त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "कुणी लिहिलं असेल हो असं?" हो, हे मी म्हणालो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. "माझा हात थरथरतो. तुमचं अक्षर चांगलं आहे. एक निवेदन लिहायचंय." कुत्र्यांच्या नोंदणीतून जातीचा रकाना काढा, त्याऐवजी लस, नसबंदी, साखळीला किती तास बांधता, पूर्वी चावलाय का, एवढं विचारा. चावला तर मालकाला धरा, तोंडावरून गुन्हेगार ठरवू नका. त्या सांगायच्या, मी लिहायचो. अशी कितीतरी निवेदनं लिहिली. सोबतही जायचो. एका कार्यालयातला पोरगेला क्लार्क म्हणाला, "मॅडम, जात टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. सॉफ्टवेअर घेत नाही." मॅडम म्हणाल्या, "हुशार आहे हो तुमचं सॉफ्टवेअर, आमच्या भाऊसाहेबांकडे शिकलेलं दिसतंय." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. कुणी म्हणायचं, "कुत्र्यांचं कसलं घेऊन बसलात, माणसांचं बघा आधी." त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "तेच बघतेय." निवेदनं मी लिहिली खरी, पण खाली सही त्यांची एकटीची असायची. सेक्रेटरीला बरं दिसत नाही, असं मी म्हणत असे.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर प्रज्ञानं त्यांची फाईल माझ्या हातात दिली. "तुम्हीच लिहिलंय सगळं, तुमच्याकडेच राहू द्या." सगळ्यात खाली त्या यादीची प्रत होती. माहितीच्या अधिकारात मिळवलेली. शिक्क्यावरची तारीख आमच्या पहिल्या निवेदनाच्या आधीची.

"आईला माहीत होतं काका," प्रज्ञा म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "शाळेचे दाखले बघून बघून तुमचं अक्षर तिला पाठ होतं."

"मग मला बोलल्या का नाहीत कधी?"

"मी भांडले तिच्याशी. ती म्हणायची, ते सांगतील."

हे सगळं मी गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, जुनं कशाला उकरता," आणि पुढचा विषय घेतला. म्हणून इथं लिहितो आहे. ज्यांना सांगायचं होतं त्या वाचणार नाहीत, हे कळतं मला.

मॅडमच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या अजून समोरासमोर आहेत. निवेदन लिहून झालं की मी ते त्यांना वाचून दाखवायचो. त्या कागदाची घडी घालायच्या, चष्मा काढायच्या आणि दर वेळी, न चुकता, विचारायच्या, "भाऊसाहेब, अजून काही सांगायचं राहिलंय का?"

आणि मी पेनाला टोपण लावत म्हणायचो, "नाही मॅडम, झालं सगळं."